अनुदित की अनूदित? सारख्या दिसणाऱ्या शब्दांपाशी मी काय करते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या वाचनालयाला १०० वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त २०० पानांची स्मरणिका निघते आहे, आणि तुम्ही शाळेत मराठी शिकवता म्हणून प्रुफं तपासायचं काम तुमच्याकडे आलं आहे. ‘अनुदित–अनूदित’, ‘विशद–विषद’, ‘परिणाम–परिमाण’ अशा जोड्या आल्या की तुमचं पेन थांबतं. संगणक दोन्हींपैकी कशाखालीच लाल रेघ ओढत नाही. समितीतले दोघं दोन वेगळी मतं देतात. त्यात एका देणगीदाराचं नाव ‘सलील’ की ‘सलिल’, यावरूनही चर्चा झाली. अशा शब्दांची एखादी यादी मिळेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

यादी देता येईल, पण ती तुम्हाला पहिल्या ३० पानांपुढे पुरणार नाही. मी २६ वर्षं मुद्रितशोधन करते आहे आणि माझ्या वहीत अशा जोड्या अजूनही वाढताहेत. म्हणून शब्दांपेक्षा शब्दाकडे बघायची रीत सांगते. शब्द ओघात येतीलच.

आधी एक गोष्ट वेगळी करू. तुमची अडचण शुद्धलेखनाची आहे असं समिती म्हणत असेल, तर तसं नाही. ‘आशिर्वाद’ छापलं गेलं तर ती साधी चूक आहे, कारण असा दुसरा शब्दच नाही. वाचणारा मनातल्या मनात ‘आशीर्वाद’ वाचतो आणि पुढे जातो. ‘विषद’ची गोष्ट वेगळी आहे. विष + द, म्हणजे विष देणारा. हा व्याकरणाने सरळ बनलेला, अर्थ असलेला शब्द आहे. ‘अध्यक्षांनी संस्थेची भूमिका विषद केली’ असं छापलं की संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला त्या वाक्यात विष दिसतं. स्पष्ट करणं या अर्थाचा शब्द ‘विशद’, शहामृगातला श. संगणक इथे मदत करू शकत नाही, कारण त्याला शब्द कळतो, वाक्य कळत नाही. वाक्य तुम्हालाच वाचायचं आहे.

मग आपण फसतो कुठे? माझ्या अनुभवात सर्वांत जास्त कानामुळे. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण सारखेच उच्चारतो, कारण अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा स्वर मराठी माणूस बोलताना लांबवतोच. श आणि पोटफोड्या ष यांतला फरक तर बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. त्यामुळे लिहिताना मनात जो आवाज असतो तो निवड करायला पुरत नाही. आम्ही छापखान्यात जोडीने प्रुफं वाचायचो, एकाच्या हातात मूळप्रत आणि दुसऱ्याच्या हातात प्रूफ, तेव्हा शंकेच्या शब्दापाशी वाचणारा ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’, ‘पोटफोड्या’ असं मोठ्याने सांगायचा. तुम्हालाही कोणी सोबत मिळालं तर असंच वाचा. २०० पानांसाठी वेळ जास्त लागेल, पण एकट्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात सापडतात.

आता तुमच्या पहिल्या जोडीकडे येते, कारण वाचनालयाच्या स्मरणिकेत ती बऱ्याचदा येणार. अनुवाद म्हणजे एखाद्याच्या मागून बोलणं. ‘वद्’ म्हणजे बोलणं, त्यापासून ‘उदित’, म्हणजे बोललेलं. त्याच्या आधी ‘अनु’ लावला की अनु + उदित, दोन उकार एकत्र येऊन दीर्घ होतात, आणि शब्द तयार होतो ‘अनूदित’. दुसरा उकार. भाषांतरित पुस्तकांसाठी हाच शब्द. ‘अनुदित’मध्ये ‘अनु’ नाहीच, तिथे नकाराचा ‘अन्’ आहे. अन् + उदित, म्हणजे न उगवलेला किंवा न बोललेला. अग्निहोत्राच्या चर्चेत ‘उदित होम’ आणि ‘अनुदित होम’ असे शब्द येतात, सूर्य उगवल्यावर केलेला आणि उगवण्याआधी केलेला. तेव्हा तुमच्या स्मरणिकेत ‘वाचनालयातील अनुदित कादंबऱ्या’ असं छापलं गेलं, तर अक्षरशः त्याचा अर्थ कोणी न सांगितलेल्या कादंबऱ्या असा होईल. समितीत फारच वाद झाला तर ‘अनुवादित’ लिहा. तो शब्द रूढ आहे, वाचकाला लगेच कळतो, आणि त्यात घसरायला जागा नाही. मला स्वतःला ‘अनूदित’ आवडतो, पण स्मरणिका गावातल्या सगळ्यांनी वाचायची आहे.

इथे मी जे केलं तेच माझं मुख्य साधन आहे: शब्द फोडून पाहणं. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला अनोळखी शब्द दिसला की त्याचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचे दुसरे सगेसोयरे आठवा. ‘परिमाण’मध्ये ‘मा’ म्हणजे मोजणं आहे. माप, प्रमाण, मोजमाप हे त्याचे नातेवाईक. ‘परिणाम’मध्ये ‘नम्’ म्हणजे वाकणं, वळणं आहे, नमन आणि नम्र यांच्या घरातला. म्हणून एखाद्या गोष्टीची मिती वाढली तर तिला ‘नवं परिमाण’ मिळतं, आणि एखादी गोष्ट पुढे कशात वळली हे सांगायचं तर ‘परिणाम’. ‘त्यांच्या कामामुळे चळवळीला नवे परिणाम लाभले’ असं वाक्य मी दरवर्षी एकदा तरी दुरुस्त करते. वेलांटी-उकाराचा इथे प्रश्नच नाही. म आणि ण यांची जागा बदलली, एवढंच.

याच रीतीने ‘कृतज्ञ’ आणि ‘कृतघ्न’ पाहा. ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा, ‘घ्न’ म्हणजे मारणारा, शत्रुघ्नातला. केलेलं जाणणारा आणि केलेल्यावर पाणी सोडणारा, असे पूर्ण उलटे अर्थ. तुमच्या स्मरणिकेत ऋणनिर्देशाचं पान असेल. ते पान तीन जणांकडून वाचून घ्या.

एकदा तुकड्यांची ओळख झाली की एका तुकड्यामुळे दहा शब्द उलगडतात. जुन्या कविता स्मरणिकेत पुन्हा छापणार असाल तर हे फार उपयोगी पडेल. शेवटी ‘ज’ असेल तर जन्मलेला, ‘द’ असेल तर देणारा, ‘धि’ असेल तर धारण करणारा. पाण्याच्या कुठल्याही नावाला हे लावून बघा. नीरज, वारिज, जलज म्हणजे कमळ. नीरद, वारिद, जलद म्हणजे ढग. नीरधी, वारिधी, जलधी म्हणजे समुद्र. ‘अप्’ म्हणजेही पाणी, त्याचा पुढच्या अक्षराशी मिळून ‘अब्’ होतो: अब्ज म्हणजे कमळ (आणि १०० कोटींची संख्याही), अब्द म्हणजे ढग, अब्धी म्हणजे समुद्र. ‘अब्द’चा दुसरा अर्थ वर्ष. तुमच्या मुखपृष्ठावरचा ‘शताब्दी’ त्यातूनच आला आहे. पावसावरून वर्ष मोजायची ही जुनी सवय ‘वर्ष’ आणि ‘वर्षा’ या जोडीतही दिसते. जाता जाता एक सावधगिरी: ‘जलद गाडी’तला ‘जलद’ फारसीकडून आलेला वेगळा शब्द आहे, त्याला ही फोड लावू नका. फोड करायच्या आधी शब्द कोणत्या घरचा आहे ते बघावं लागतं.

काही जोड्या झटपट सांगते. ‘उपहार’ म्हणजे भेट, ‘उपाहार’ म्हणजे अल्पोपाहार. उप + आहार. म्हणून पाटीवर ‘उपाहारगृह’ हवं, काना विसरू नका. ‘अनाहूत’ म्हणजे न बोलावलेला, ‘अनाहत’ म्हणजे आघाताविना उमटलेला, जसा योग्यांचा अनाहत नाद. ‘प्रसाद’ देवाचा, ‘प्रासाद’ म्हणजे वाडा, राजमहाल. ‘उद्धृत’ म्हणजे दुसरीकडून घेतलेला उतारा, ‘उद्धत’ म्हणजे उर्मट. ‘कुल’ म्हणजे घराणं, ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ यांत हा काठच आहे, म्हणून तिथे नेहमी दुसरा उकार. ‘द्वीप’ म्हणजे बेट, पण पहिल्या वेलांटीचा ‘द्विप’ म्हणजे हत्ती, सोंडेने आणि तोंडाने असं दोनदा पिणारा. ‘द्वीपकल्प’ म्हणजे जवळजवळ बेट. पहिली वेलांटी पडली की त्याचा अर्थ ‘जवळजवळ हत्ती’ होतो. भूगोलावरच्या लेखात हे मी स्वतः सापडवलं आहे.

दुसरी फसगत डोळ्यांची. देवनागरीत थ आणि य, घ आणि ध, भ आणि म ही अक्षरं छोट्या टायपात एकमेकांसारखी दिसतात. मूळ हस्तलिखित घाईत लिहिलेलं असेल तर विचारूच नका. ‘घृत’ म्हणजे तूप, ‘धृत’ म्हणजे धारण केलेला. ‘महार्घ’ म्हणजे मौल्यवान, त्यात ‘अर्घ’ म्हणजे किंमत आहे. आपला रोजचा ‘महाग’ याच शब्दाचा वंशज. टाइप करणाऱ्याला ‘अर्ध’ ओळखीचा असल्यामुळे तो ‘महार्ध’ करून टाकतो. याच कारणाने ‘मथितार्थ’चा ‘मतितार्थ’ होतो आणि ‘इत्थंभूत’चा ‘इत्यंभूत’. मथितार्थ म्हणजे घुसळून वर आलेला अर्थ, ताकातून लोणी यावं तसा. ‘इत्थं’ म्हणजे अशा प्रकारे. ‘मती’ आणि ‘इति’ हे ओळखीचे शब्द मध्ये डोकावतात आणि डोळा फसतो. कमी वापराच्या शब्दाच्या जागी जास्त वापराचा शब्द येऊन बसणं, हेच बहुतेक वेळा घडतं. मोबाइलवर लिहिणाऱ्यांचं तर सुचवण्या देणारं यंत्रच तसं करतं.

तिसरं कारण आपल्या मराठीच्या नियमांत आहे, आणि मराठीच्या शिक्षकांनाही तिथे थांबावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार संस्कृतातले ऱ्हस्व इकारान्त-उकारान्त शब्द मराठीत एकटे आले की शेवट दीर्घ लिहायचा, पण समासात आधी आले की मूळचा ऱ्हस्व ठेवायचा. म्हणून ‘कवी’ पण ‘कविमन’, ‘बुद्धी’ पण ‘बुद्धिवैभव’. आता ‘पाणि’ म्हणजे हात. ‘चक्रपाणी’ लिहिताना तो शेवटी आहे म्हणून दीर्घ झाला आणि दिसायला प्यायच्या पाण्यासारखाच झाला. लग्नपत्रिकेत मात्र ‘पाणिग्रहण’ हवं, कारण तिथे तो आधी आहे आणि हात धरायचा आहे. ‘पाणीग्रहण’ लिहिलं तर पाणी घेणं होईल.

याच नियमांतला दुसरा भाग सामान्यरूपाचा. मराठी शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ ई-ऊ प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दात होत नाही. दूध – दुधाला, पण रूप – रूपाला. हे एका ठिकाणी तीन शब्दांना भिडतं. ‘सूत’ म्हणजे धागा, हा मराठी शब्द, म्हणून ‘सुताचा गुंडा’, आणि आपण ‘सुतावरून स्वर्ग’ गाठतो. ‘सूत’ म्हणजे सारथी, हा संस्कृत शब्द, म्हणून ‘सूताचा’ आणि ‘सूतपुत्र कर्ण’. ‘सुत’ म्हणजे मुलगा, हाही संस्कृत, म्हणून ‘पवनसुत’. कर्णाला कोणी ‘सुतपुत्र’ लिहिलं तर त्याचा अर्थ मुलाचा मुलगा, नातू. व्यक्तीचं सगळं दुःख ज्या शब्दात आहे तोच शब्द पुसला जातो. अशा ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या उकाराचा आग्रह धरणं मला पांडित्य वाटत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्या वाचनालयाची सुरुवातीच्या काळातली इतिवृत्तं किंवा जुने लेख जसेच्या तसे छापणार असाल, तर त्यांतलं ‘नांव’, ‘कांहीं’ बदलू नका. ते त्या काळाचं लेखन आहे, आणि वर एक ओळ देऊन तसं सांगा. नव्या लेखांना मात्र आजचे नियम. कवितेत वृत्तासाठी कवीने ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं असू शकतं, तिथे मात्रा मोजल्याशिवाय हात लावू नका. आणि जिथे अर्थ बदलत नाही, फक्त रूपं दोन आहेत, तिथे एक निवडून पूर्ण अंकात तेच ठेवा. ‘जागृत’ आणि ‘जाग्रत’ यांवरून मी कोणाशीही भांडत नाही. माझा वेळ मी अर्थ फिरवणाऱ्या अक्षरासाठी राखून ठेवते.

उलट दिशेची चूकही सांगायला हवी, कारण ती माझ्या हातून झाली आहे आणि अजून सलते. एका ज्येष्ठ कवींचा संग्रह मी तपासत होते. पावसानंतरच्या पठाराचं वर्णन होतं, आणि त्यात ‘निर्जर’ उतरून आल्याचा उल्लेख होता. डोंगर, पाऊस, उतरणं हे सगळं आजूबाजूला असताना मी क्षणभरही न थांबता ते ‘निर्झर’ केलं. निर्झर म्हणजे झरा, वाक्यात चपखल बसला. ५०० प्रती छापून आल्यावर कवींनी शांतपणे विचारलं, “माझे देव कुठे गेले?” निर्जर म्हणजे ज्यांना जरा नाही, वार्धक्य नाही ते, म्हणजे देव. पहिल्या पावसानंतर त्या पठारावर देव उतरतात असं त्यांना म्हणायचं होतं आणि मी तिथे पाण्याचा ओहोळ वाहता केला होता. शुद्धिपत्र चिकटवलं, पण कवितेचा पहिला वाचक तर चुकीचंच वाचून गेला. तेव्हापासून अर्थ बदलू शकेल अशी कुठलीही दुरुस्ती मी लेखकाला विचारल्याशिवाय करत नाही. प्रुफाच्या कडेला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करते आणि दोन्ही शब्दांचे अर्थ लिहून पाठवते. कमी वापराचा शब्द दिसला की तो चूकच असणार, ही सवय मुद्रितशोधकाला सर्वांत आधी मोडावी लागते.

शब्दकोश कोणता वापरायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) मी अजून रोज उघडते. शब्द संस्कृत आहे की फारसी, याची खूण तो शब्दापुढेच देतो, आणि वर सांगितलेली फोड लावायची की नाही हे त्यावरून ठरतं. मात्र त्यातलं लेखन जुन्या वळणाचं आहे. ‘कवी’ शोधायला ‘कवि’कडे जावं लागतं, म्हणून तिथे दिसलेला ऱ्हस्व आजच्या मजकुरात तसाच उचलू नका. शुद्ध संस्कृत शब्दांसाठी वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश. तुमच्या वाचनालयात हे दोन्ही असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रत्यक्ष काम करताना एका वाचनात सगळं पकडायचा प्रयत्न करू नका. पहिलं वाचन फक्त अर्थासाठी करा, लेख काय म्हणतो आहे ते समजून घ्या, आणि शंका आली तिथे खूण करून पुढे जा. दुसऱ्या वाचनात फक्त खुणांपाशी थांबा. प्रत्येक ठिकाणी शब्द फोडा, दुसरा अर्थ त्या वाक्यात बसतो का ते तपासा, कोश बघा, आणि तरीही दोन्ही बसत असतील तर लेखकाला फोन करा. एका वहीत जोडी, दोन्ही अर्थ आणि पान क्रमांक लिहीत चला. पन्नासाव्या पानावर घेतलेला निर्णय दीडशेव्या पानावर आठवत नाही. ग्रंथपालांवरच्या लेखात ‘व्रतस्थ’ आहे ना, हेही बघा. तिथे बऱ्याचदा ‘वृत्तस्थ’ घुसतं, आणि ४० वर्षं सेवा केलेल्या माणसाच्या व्रताचं वृत्त होतं.

राहिला देणगीदारांचा प्रश्न. ‘सलिल’ म्हणजे पाणी. ‘सलील’ म्हणजे स + लीला, सहज खेळत, लीलेने. दोन्ही शब्द संस्कृतात निर्दोष आहेत आणि दोन्ही नावं म्हणून सुंदर आहेत, त्यामुळे कोश, नियम आणि समितीचं बहुमत यांपैकी काहीच इथे चालत नाही. ते गृहस्थ स्वतःच्या सहीत जशी वेलांटी काढतात तीच बरोबर. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन पावतीपुस्तकावरची सही बघून या, आणि तशीच अक्षरं आतल्या पानावर, देणगीदारांच्या यादीत आणि भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत अशी तिन्ही ठिकाणी मिळवून घ्या. पाटी कोरायला गेली नसेल तर आधी तिथे फोन करा.